जुनी तीनचाकी आणि डोंगरवाटा

कासू येथील एका वाचक गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें आहे. पनवेल-रोहे लोहमार्गावर पेण व नागोठणें यांच्या मधलें हें लहानसें स्टेशन पुष्कळ वाचकांनीं गाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल. पत्रलेखकांचें कुटुंब एकत्र असून रोज चौदा-पंधरा पानें मांडलीं जातात. त्यांच्या एका पुतण्यानें (वय वीस, तंत्रनिकेतनांत शिकत आहे) असा बेत मांडला आहे कीं, जुनी टू-स्ट्रोक ऑटोरिक्षा विकत घ्यावी, ती स्वतः खोलून नीट करावी आणि सुटीच्या दिवसांत डोंगराकडच्या कच्च्या वाटांनीं तिच्यांतून हिंडावें. धाकटे काका अनुकूल आहेत, थोरले प्रतिकूल. आजीबाईंनीं आपलें मत राखून ठेवलें आहे. गाडी घ्यावी कीं नाहीं, आणि घेतल्यास कशी पारखावी, हे दोन प्रश्न आमच्याकडे आले आहेत. आम्ही दुसऱ्याचें उत्तर आधीं देतों. कारण पहिल्याचा निकाल बराचसा त्यांतूनच लागेल.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पुतण्यानें काकांना जीं चित्रें दाखविलीं तीं रिक्षाचीं नव्हेत. फुग्यासारखीं तीन जाड चाकें, वर मोटारसायकलीसारखें खोगीर आणि वाळूच्या टेकडीवरून उडी घेणारा स्वार, असें तें वाहन अमेरिकेंत खपत असे. होंडा कंपनीनें तें १९७० सालीं तेथें आणलें. १९८१ पासून त्याची टू-स्ट्रोक इंजिनाची शर्यती आवृत्तीही निघाली, आणि कावासाकी व यामाहा यांनींही आपापल्या गाड्या काढल्या. या गाडीच्या मागील दोन्ही चाकांना एकच अखंड दांडा असतो. वळतांना बाहेरचें चाक अधिक फिरावें आणि आंतलें कमी, ही जी सोय रिक्षांत डिफरन्शियलमुळें होते ती तिच्यांत नाहीं. त्यामुळें गाडी वळावयास नाखूष असते व स्वारानें अंग झोंकून तिला वळवावी लागते. ज्यांना हें साधलें नाहीं ते उलटले, आणि त्यांत मुलें पुष्कळ होतीं. अखेर १९८८ सालीं अमेरिकन सरकार व कारखानदार यांच्यांत न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री दहा वर्षांपुरती थांबली, आणि २००८ च्या कायद्यानें तिला तेथें बंदी झाली. आपल्याकडे तीं वाहनें बाजारांत कधीं आलींच नाहींत. तेव्हां कासूस जी गाडी मिळेल ती आपली नेहमींची रिक्षाच होय, आणि तिच्याकडून टेकडीवरून उडी मारण्याची अपेक्षा कोणीं करूं नये.

रिक्षाचें घराणें मात्र चांगलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींत पियाजिओ कंपनीनें स्कूटरला मागें दोन चाकें जोडून सामान वाहणारी गाडी केली व तिला ‘आपे’ म्हणजे मधमाशी असें नांव दिलें. या कंपनीच्या सहकार्यानें बजाज ऑटोनें पुण्याजवळ आकुर्डीस स्कूटर व रिक्षा बांधण्यास आरंभ केला. तो करार १९७१ सालीं संपला. पूर्वीं रिक्षाचें इंजिन पुढें, चालकापाशीं असे. मागें इंजिन असलेली रिक्षा १९७७ मध्यें निघाली. पुतण्यानें घ्यावयाची ती हीच. इंजिनाचा भार फिरणाऱ्या चाकांवर पडत असल्यामुळें चढावर चाकें सहसा नुसतीं घसरत राहात नाहींत. तिचें टू-स्ट्रोक इंजिन सुमारें १४५ घन सेंटिमीटरचें, म्हणजे चेतक स्कूटरच्याच मापाचें. ज्या घरांत पूर्वीं चेतक होती त्या घरांतील वडील मंडळींना त्याचा आवाज, वास आणि रुसवे हे तिन्ही ठाऊक असतील.

आतां तीनचाकीचें गणित. तें पाटीवर खडूनें काढून दाखवितां येईल. पुढें एक ठिपका काढावा, मागें दोन. तिन्ही जोडले कीं त्रिकोण होतो. गाडी व आंतील माणसें यांचा सारा भार ज्या बिंदूंत एकवटला आहे असें मानतात, त्या बिंदूपासून सोडलेला ओळंबा या त्रिकोणांत पडतो तोंवर गाडी उभी राहाते. चारचाकीचा चौकोन पुढेंही मागच्याइतकाच रुंद असतो. रिक्षाचा त्रिकोण पुढें निमुळता होत जातो. ब्रेक दाबला कीं भार पुढें जातो, वळण घेतलें कीं बाहेरच्या अंगास जातो. दोन्ही एकदम घडलें तर तो नेमका जेथें त्रिकोण अरुंद आहे तेथेंच जातो आणि गाडी कलंडते. उतारावर तर भार आधींच पुढें सरकलेला असतो. म्हणून उतारावरील वळणांत ब्रेक दाबणें यासारखें घातक कृत्य तीनचाकींत दुसरें नाहीं. ब्रेक वळणाच्या आधीं, सरळ रेषेंत लावावा आणि वळतांना पाय मोकळा ठेवावा. सामान तळाशीं व मागें ठेवावें. हूडवर लोखंडी कॅरिअर बसवून त्यावर तंबू व पातेलीं बांधण्याची हौस अनेकांना असते. तिनें ओळंबा उंच चढतो व हा सारा हिशेब बिघडतो. उलट तीव्र चढावर पुढलें चाक हलकें होऊन हँडल ऐकेनासें होतें, तेव्हां मागच्या बाकावर तिघांना बसवून चढ चढूं नये. माणसांनीं उतरून चालावें.

कच्च्या वाटेवर आणखी एक अडचण येते, ती सडकेवर रिक्षा चालविणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. बैलगाडीनें व ट्रॅक्टरनें वाटेला दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात व मध्यें उंचवटा राहातो. रिक्षाचीं मागील चाकें चाकोरींत घातलीं तर पुढलें चाक उंचवट्यावरील दगडांतून व खुंटांतून चालतें. पुढलें चाक चाकोरींत घातलें तर मागील एक चाक उंचवट्यावर आणि दुसरें कडेच्या गवतांत जाऊन गाडी तिरपी होते. चाकोरी सोडून चालणाऱ्या स्वतंत्र वृत्तीच्या मंडळींस हें वाहन शोभेल खरें, पण त्यांनीं वेग बेताचा ठेवावा. चाकेंही लहान, आठ इंची. ज्या खड्ड्यांतून मोटारसायकल सहज निघून जाते त्यांत रिक्षाचें चाक आंत जाऊन बसतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे जुनी गाडी पाहतांना काय पाहावें हें आपोआप ठरतें. बहुतेक गिऱ्हाइकें प्रथम इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकतात. आमच्या मतें इंजिन सर्वांत शेवटीं पाहावें. इंजिन बिघडलें तर दुरुस्त होतें. त्याचे भाग मिळतात व तें जाणणारे मिस्त्री अजून आहेत. परंतु कोंकणच्या खाऱ्या व दमट हवेनें ज्या गाडीचा सांगाडा आंतून खाल्ला आहे ती गाडी कितीही पैसे ओतले तरी विश्वासाची होत नाहीं, आणि आडवाटेचे हिसके जर कोणास बसत असतील तर ते सांगाड्यालाच.

म्हणून विकणाऱ्याची परवानगी घेऊन पायांखालचें रबर उचलावें व तळाचा पत्रा पाहावा. लहान हातोडीनें किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें ठोकीत जावें. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो, गंजलेला बसक्या आवाजानें. तीन जागा विशेष पाहाव्या: पुढील फोर्काची नळी सांगाड्याला मिळते तो सांधा, मागील चाकांचे हात जेथें अडकविलेले असतात त्या जागा, आणि शॉक अब्सॉर्बरचें वरचें टोंक जेथें बसतें तो भाग. तेथें चीर, नवी वेल्डिंग किंवा पट्टी दिसली तर ती कशासाठीं केली हें विचारावें. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास नमस्कार करून घरीं यावें. सर्वांगास ताजा रंग लावलेल्या गाडीविषयीं आम्हांस नेहमींच संशय येतो. जुना, फिका पण अखंड रंग असलेली गाडी पुष्कळदां अधिक सच्ची निघते.

नंतर गाडी ओल्या मातीवरून किंवा बारीक वाळूवरून वीस-पंचवीस पावलें अगदीं सरळ चालवावयास सांगावें आणि मागें उमटलेल्या तीन रेघा पाहाव्या. मधली रेघ दोन्ही बाजूंच्या रेघांपासून सारख्या अंतरावर असली पाहिजे. ती एका अंगाला सरकली असेल तर गाडी केव्हां तरी आपटलेली आहे व तिचा फोर्क किंवा मागील हात वांकला आहे. या परीक्षेला पैसा लागत नाहीं, आणि बोलण्यांत पटाईत असलेल्या विक्रेत्याचाही तिच्यापुढें इलाज चालत नाहीं. त्याच वेळीं पुढलें चाक अधांतरीं उचलून दोन्ही हातांनीं मागेंपुढें हालवून पाहावें; खडखड जाणवली तर फोर्काचीं व चाकाचीं बेअरिंगें झिजलीं आहेत असें समजावें.

आतां इंजिन. तें गार असतांना पाहावयास मिळावें असा आग्रह धरावा. आपण जाण्यापूर्वींच जर तें तापवून ठेवलें असेल, तर गार असतां सुरू होण्यास तें त्रास देत असेल असें खुशाल मानावें. गार इंजिन सुरू होतांना निळसर धूर येणें हा टू-स्ट्रोकचा स्वभाव आहे, कारण त्याच्या पेट्रोलांतच तेल मिसळलेलें असतें. प्रमाण लिटरला सुमारें वीस मिलिलिटर. परंतु दहा मिनिटें चालल्यावरही दाट पांढुरका धूर येत राहिला आणि गिअरपेटींतील तेल वरचेवर कमी होत असेल, तर दांड्यावरील ऑइल-सील गेलें आहे व तें तेल इंजिनांत ओढलें जाऊन जळत आहे. दट्ट्याची खुळखुळ ऐकूं आली तर सिलिंडर किती वेळां बोअर केलें आहे हें विचारावें. प्रत्येक वेळीं थोडा मोठा दट्ट्या घालतात, व त्या मापांना शेवट आहे. शेवटचें माप आधींच पडलें असेल तर यापुढें नवें सिलिंडरच घ्यावें लागेल आणि किंमत ठरवितांना तें धरलें पाहिजे. पूर्वीं कांहीं चालक काटकसरीपोटीं पेट्रोलांत रॉकेल घालीत. अशा गाडीच्या सायलेन्सरांत काजळीचा थर बसतो व इंजिन गुदमरल्यासारखें चालतें. सायलेन्सर काढून साफ केला कीं कित्येकदां तें पुन्हां मोकळा श्वास घेऊं लागतें.

एक भाग पुष्कळ जण विसरतात. हें इंजिन वाऱ्यानें गार होतें, पण तो वारा धांवण्याचा नसून पंख्याचा असतो. पंख्याभोंवतीं व सिलिंडरवर पत्र्याचें आवरण असतें व त्यांतून वारा खेळविला जातो. दुरुस्तीच्या घाईंत कोणी हें आवरण काढून ठेवतो व तें परत बसवावयाचें राहून जातें. सडकेवर तसें कांहीं दिवस निभावतें. परंतु पहिल्या गिअरमध्यें सावकाश डोंगर चढतांना सिलिंडर इतकें तापतें कीं दट्ट्या त्यांत धरला जातो व इंजिन एकाएकीं थांबतें. आवरण पूर्ण आहे ना, हें हातानें चाचपून पाहावें.

उतरतांना निराळीच काळजी घ्यावी लागते, आणि ती चार-स्ट्रोकच्या संवयीच्या माणसाला सुचत नाहीं. या इंजिनाला तेल मिळतें तें पेट्रोलाबरोबर. लांब उतारावर मूठ मिटून, गिअरच्या जोरावर गाडी आंवरीत आलों तर इंजिन वेगानें फिरत असतें आणि त्याला तेलाचा पुरवठा मात्र जवळजवळ बंद झालेला असतो. यासाठीं मधून मधून क्षणभर मूठ उघडावी म्हणजे तेल आंत जातें. टू-स्ट्रोकचें इंजिन गाडीला आंवरतेंही कमीच. त्यामुळें सारा भार ब्रेकवर पडतो. ओढा ओलांडल्यावर ड्रम ओले होऊन ब्रेक लागेनासे होतात, म्हणून पुढल्या सरळ तुकड्यावर ते हलकेच दाबून सुकवून घ्यावे व मगच उताराला लागावें.

वाटांविषयीं आतां लिहितों. कासूच्या पश्चिमेस भातशेती व तिच्या पलीकडे आंबा नदीच्या खाडीकडची खारजमीन, पूर्वेस डोंगर. पुतण्याच्या टिपणांत खाडीच्या बांधावरून जाण्याचाही विचार आहे. तेथें आमचा स्पष्ट नकार आहे. पेण तालुक्यांतील या बांधांनीं भरतीचें पाणी अडवून धरलें आहे म्हणूनच आंतील भात पिकतें. सरकारनें यासाठीं १९४८ सालीं व पुन्हां १९७९ सालीं स्वतंत्र कायदे केले, यावरून त्या मातीचें मोल कळावें. चाकांनीं बांधाचा माथा खचला, त्यांत पावसाचें पाणी मुरलें आणि एखाद्या उधाणाला खांड पडली, म्हणजे खारें पाणी शेतांत शिरतें, आणि मिठानें भरलेली जमीन पुन्हां धड पिकण्यास वर्षें लागतात. ज्याची शेती बुडेल तो बहुधा पत्रलेखकांचा शेजारीच असेल. शिवाय बांधाच्या पलीकडील कांदळवनाला कायद्याचें संरक्षण आहे, हें तर वेगळेंच.

पूर्वेकडे वाव आहे, पण तोही कोरड्या ऋतूंत. भात कापून शेतें सुकलीं म्हणजे डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत वाटा कठीण असतात; पावसाळ्यांत ही गाडी अंगणांत झांकून ठेवावी. अरुंद टायर चिखलांत रुतला कीं डिफरन्शियलच्या गुणानें रुतलेलें चाक नुसतें गरगर फिरतें आणि कोरड्या जागेवरील चाक स्वस्थ उभें राहातें. डोंगरांतील पुष्कळ जमीन वनखात्याची आहे. १९२७ च्या वन कायद्यान्वयें राखीव जंगलांत परवानगीवांचून शिरणें हा अपराध होतो. तेव्हां वाट कोणाच्या हद्दींतून जाते याची चौकशी आधीं करावी. कातकरी व ठाकूर वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा ह्या तेथील माणसांच्या पाण्याच्या व दवाखान्याच्या वाटा आहेत. तेथें धुरळा उडवीत व सायलेन्सर फोडून आवाज करीत जाणें अशोभनीय होय.

कागदपत्रांचें काम रुक्ष आहे, परंतु तें थोरल्या काकांकडे सोंपवावें असें आम्ही सुचवितों. नाराज मनुष्य कागद फार बारकाईनें वाचतो. मुंबईसारख्या शहरांत रिक्षांना वयाची मर्यादा आहे, आणि तेथून निवृत्त झालेली गाडी ‘गांवाकडे चालते’ असें सांगून विकणारे भेटतात. जिची नोंदणी रद्द झाली ती गाडी गांवाकडच्याही सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीं. नोंदणी जिवंत आहे का, कर भरला आहे का, परवाना कोणाच्या नांवें आहे आणि भाड्याची रिक्षा खासगी वापरास घेण्याच्या अटी कोणत्या, हें सर्व पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांत विसार देण्यापूर्वीं विचारावें. विमा तर हवाच. मूळ बांधणींत मनास येईल तसा फेरफार, म्हणजे जाड चाकें, कापलेलें छप्पर वगैरे, कायद्यास मान्य नाहीं, आणि वर सांगितलेल्या गणितासही नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक भीति असते. किल्ली खुंटीला टांगलेली असते आणि घरांत चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें असतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द. अमेरिकेंतील अपघातांत कोण सांपडलें तें वर आलेंच आहे. किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला असावी. ती थोरल्या काकांच्याच असली तर अधिक बरें.

आतां पहिला प्रश्न. सांगाडा निरोगी, तीन रेघा सरळ आणि नोंदणी जिवंत असेल तर गाडी घ्यावी. तिन्हींपैकीं एकही गोष्ट नसेल तर, फुकट मिळाली तरी, घेऊं नये. पुतण्या ती स्वतः खोलणार आहे ही आमच्या दृष्टीनें सर्वांत जमेची बाजू. एक टू-स्ट्रोक इंजिन स्वतःच्या हातांनीं उघडून पुन्हां बसविणाऱ्या मुलाला जें कळतें तें वर्गांतील फळ्यावरून कळत नाहीं. गाडीला जितके पैसे द्यावयाचे तितकेच दुरुस्तीसाठीं बाजूला ठेवावे. पहिला एक महिना गांवाबाहेर जाऊं नये. पुढें जातांना दोघांनींच जावें, आणि बरोबर दोन प्लग, क्लच व गिअरच्या तारा, मागील दांड्यांचीं रबरें, मोजमापासह तेलाची बाटली, पाणी व दोरखंड असावा. सूर्य मावळण्याच्या दोन तास आधीं परतीस लागावें.

पत्राच्या शेवटीं आजीबाईंनीं विचारलें आहे कीं, या गाडींतून त्यांना पालीच्या बल्लाळेश्वराला नेतां येईल का. त्यांनीं वाकणवरून एस. टी. नें जावें हें उत्तम.